खंडेनवमीला बांधलेली पक्कड

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, चार दिवस राहून मी वेरूळ पाहिलं नाही आणि बीबी का मकबरा रिक्षातूनसुद्धा पाहिला नाही, हे आधीच कबूल करते. लेण्यांचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. मी गेले होते पक्कड बघायला. घरात सगळे हसले. नवरा म्हणाला, "लोक तिथून हिमरू शाल आणतात, तू पकडी आण." मला हसू आलं नाही. माझ्या पिशवीत भंगारवाल्याकडून आणलेला दोन मीटर सीटबेल्ट गुंडाळून ठेवला होता आणि तो कशासाठी आहे हे त्यालाही माहीत होतं.

मी कुडाळात शाळेची व्हॅन चालवते. बारा वर्षं झाली. जुलैत एका सकाळी चढावर डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. वायर जळत होती. मी गाडी थांबवून पोरांना खाली उतरवलं, पण पाच वर्षांची आर्या मागच्या सीटवर पट्ट्यात अडकली. बक्कल दाबलं, सुटेना. माझ्या पर्समध्ये एक घडीची पक्कड असते. उघडली की पक्कड, आणि दांड्यांच्या पोटात सुरी, करवत, पेचकस असलं सगळं. दुकानदार मल्टिटूल म्हणतात. मी ती काढली, तर सुरी बाहेर येईना. नख तुटलं. दुसऱ्या नखाने ओढलं, तेही तुटलं. गाडीत धूर भरत होता, आर्या खोकत होती. शेवटी एक रिक्षावाला आत घुसला, त्याने दोन्ही अंगठे रोवून बक्कल दाबलं आणि पोरगी सुटली.

आर्याला काही झालं नाही. दोन दिवस बोलली नाही, इतकंच. तिसऱ्या दिवसापासून तिची आई तिला स्वतः स्कूटरवरून शाळेत सोडू लागली. मी सगळ्यांना सांगितलं की हत्याराने ऐन वेळी दगा दिला. आर्याच्या आईलाही तेच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून त्या चढावर मी काच खाली करून धुराचा वास घेत जाते. गाडीत अकरा मुलं, म्हणजे अकरा पट्टे. रोज सकाळी मी ते मोजते. दिवाळीपर्यंत हातात भरवशाचं हत्यार आलं तर गाडी चालवायची, नाहीतर विकून टाकायची असं मी मनाशी ठरवलं होतं. फोनवर मावसबहीण कल्पना म्हणाली, "आमच्याकडं ये. हे सांगतेत, इथं कारखान्यावाल्यांसाठी असल्या पकडींचं लई मोठं दुकान हाय. हातात घिऊन बघ, मग ठरव." दसऱ्याला जोडून सुट्टी होती. निघाले.

छावणीवरून पुढे

कल्पनाचे यजमान भास्करराव मला न्यायला बसस्टँडवर आले. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, मोठ्या कारखान्यांना लागणारे लोखंडी भाग तिथे बनतात. माणूस उंच, बोलणं हळू. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि वीस वर्षांत आमच्यात याच्यापलीकडे फारसं बोलणं झालेलं नाही.

गाडीवर मागे बसून छावणीतून जाताना मी गाव बघत होते. आमच्याकडे दहा पावलांवर वळण, वळणावर झाड. इथे रस्ता सरळ सुटतो आणि वरून ऊन. आणखी एक गोष्ट मला पहिल्या चौकातच दिसली. दुचाकीवरच्या साऱ्या बायका-मुली तोंडाला ओढणी नाहीतर स्टोल बांधून होत्या. डोकं, नाक, गळा, सगळं गुंडाळलेलं. फक्त डोळे उघडे. आमच्या कोकणात असं कुणी निघालं तर शेजारीण थांबवून विचारील, काय गं, दात काढलास काय? मी भाऊजींना विचारलं.

"ऊन आन् धूळ, दुसरं काय," ते म्हणाले. "तुम्ही पन बांधा. दोन दिवसांत काळ्या पडताल."

मी बांधली नाही. गळ्याभोवती काही आवळलेलं मला त्या दिवसांत सहन होत नव्हतं.

घरी कल्पनाने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिचे नवरात्राचे उपास चालू होते. स्वतःसाठी भगर आणि दाण्याची आमटी, आमच्यासाठी ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि नंतर टोपलीभर सीताफळं. सीताफळ इथल्यासारखं मी कुठे खाल्लं नाही, डोळे मोठे आणि गर साईसारखा. नऊ दिवस घरात मासळी नाही या विचाराने एरवी मी कासावीस झाले असते. तेव्हा जेवणाकडे लक्षच नव्हतं.

"ताई, पोरगी बरी हाय ना आता?" कल्पनाने विचारलं.

"बरी आहे."

"मग तू का अशी झालीस?"

मी सीताफळाच्या बिया मोजत बसले.

जुना मोंढा

दुकान जुन्या मोंढ्याकडच्या, म्हणजे जुन्या धान्यबाजाराकडच्या, एका गल्लीत होतं. मालक इक्बालभाई साठीचे, पांढरी दाढी, चष्मा दोरीने गळ्यात. "क्या होना ताई?" त्यांनी विचारलं. मी पिशवीतून सीटबेल्ट काढून काउंटरवर ठेवला. "हा कापता आला पाहिजे. एका हाताने. घाबरलेलं असताना."

ते पट्ट्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. नंतर आत गेले आणि दोन डबे घेऊन आले.

आता ज्या वाचकांना यातलं काहीच माहीत नाही, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच्या माझ्यासारख्यांना, थोडं सांगते. माझ्या जुन्या पकडीत सगळी पाती दांड्यांच्या आतल्या बाजूला. म्हणजे आधी पक्कड उलगडा, मग नखाने सुरी ओढा. वजनाला हलकी, पर्समध्ये कळतही नाही. इक्बालभाईंनी दाखवलेल्या दोन्ही दणकट कामाच्या. पहिलीची सुरी बाहेरच्या बाजूला, तिला गोल भोक. पक्कड मिटलेली असतानाच अंगठा भोकात घालून ढकलला की सुरी उघडते आणि खटकन अडकून बसते, मिटून बोटांवर येत नाही. शिवाय पट्टा कापायला एक आकडा, त्याची धार आतल्या बाजूला, त्यामुळे अंगाला लागत नाही. दुसरी आणखी जड. तिचे जबडे रुंद, तारा कापायची पाती झिजली तर बदलता येतात, कानस आणि करवतही दमदार. त्या पकडीने मी काउंटरवरचा खिळा दोन दाबांत तोडला. पण तिची सुरी मोठ्या पंजाच्या माणसासाठी बनवलेली. माझा अंगठा पुरेना.

"ये मिस्त्री लोगां लेके जाते," इक्बालभाई म्हणाले, "और ये पहिली वाली रेस्क्यू वाले. तुमचं काम काय, ताई?"

"शाळेची व्हॅन."

"अच्छा." त्यांनी पट्ट्याचं एक टोक स्वतः धरलं. "काटो."

पहिल्या पकडीने मी पट्टा कापला. डोळे उघडे ठेवून सहज कापला. डोळे मिटून कापला. डाव्या हाताने कापला. तुकडे पडत गेले. सातव्या का आठव्या वेळी अंगठा भोकातून निसटला.

"ताई, हात कांप रहा," इक्बालभाई हळूच म्हणाले.

"ती घट्ट आहे."

"नक्को बोलो. मैं आत्ताच तेल घातलं." त्यांनी चहा मागवला आणि माझी जुनी पक्कड मागितली. तिची सुरी त्यांनी नखाने ओढली. पहिल्या झटक्यात निघाली. पुन्हा मिटवली, पुन्हा निघाली. "थोडी कडक है, बस्. खराब नाहीये."

मला त्यांचा राग आला. एवढ्या लांबून आले होते ते हे ऐकायला नाही. मी म्हणाले, घाईच्या वेळी निघाली नाही. "हौ, निघाली नसेल," ते म्हणाले आणि वाद घातला नाही. दोन्ही नव्या पकडी त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या. "घरी घेऊन जाव. उद्या दिवसभर हाताळा. दसऱ्याला दुकान खुलं है. एक रखना, एक वापस देना. दोन्ही नको वाटल्या तर दोन्ही वापस."

माझा पत्ता विचारला नाही, फोन नंबर नाही. भास्कररावांची ओळख पुरली. आमच्याकडे ओळखीच्या दुकानदारानेही निदान वहीत काहीतरी खरडलं असतं.

वाळूज, खंडेनवमी

खंडेनवमीची पूजा आमच्याकडेही असते. कोयता, विळा, पाळकोयती असली हत्यारं पाटावर मांडायची, गंध, झेंडू, नारळ, झालं. वाळूजला मात्र तो सण बघावा. सगळ्या रस्त्याने कारखान्यांच्या फाटकांना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. यंत्रं बंद. भाऊजींच्या वर्कशॉपमध्ये लेथला धुऊन पुसून हार घातला होता, ड्रिलच्या डोक्यावर कुंकू. लांब टेबलावर लाल कापड आणि त्यावर सगळी हत्यारं ओळीने: पाने, हातोडे, करवती, कातऱ्या, पकडी. प्रत्येकाला हळदकुंकू, आणि प्रत्येकाभोवती लाल-पिवळा धागा. तो बांधायचं काम कल्पनाचं. तिने पहाटेपासून बसून एकेका हत्याराला पाच-पाच वेढे दिले होते आणि वर गाठ. पर्समधून माझी जुनी पक्कड आणि डब्यांतल्या दोन्ही नव्याही तिने काढून घेतल्या होत्या.

"अगं, एक परत द्यायचीय," मी म्हणाले.

"आसू दे. हत्यारच हाय ना? आज कुन्या हत्याराला सोडून चालत नाय. आन् आज त्यांना हात लावायचा नाय, आज त्यांची सुट्टी."

आरती झाली. नंतर पुरणपोळीचं जेवण होतं आणि कामगार आपापल्या बायकांना घेऊन येत होते. मी दारात उभी होते. भाऊजींकडे वेल्डिंग करणारा दत्ता बिडकीनहून यायचा होता. त्याची मोटरसायकल रस्त्यावरून वळली आणि फाटकाच्या उतारावर आली. मागे त्याची बायको रेखा, गुलाबी स्टोल तोंडाला बांधलेला. त्याचं एक टोक मागे लोंबत होतं. ते मी पाहिलं, आणि ओरडायला तोंड उघडेपर्यंत ते चाकात गेलं.

रेखा मागे ओढली गेली. बाई सीटवरून खाली आली, गाडी तिरकी झाली, दत्ताने कशीबशी पायावर सावरली आणि इंजिन बंद पडलं. रेखा जमिनीवर, डोकं मागच्या चाकाला टेकलेलं, स्टोल साखळीत गुंतून गळ्याभोवती ताठ. आवाज नाही. दोन्ही हातांनी ती गळ्याशी बोटं घालायला बघत होती आणि बोट जायला जागाच नव्हती.

दत्ता गाडी एका कामगाराच्या हातात देऊन तिला ओढायला धावला. त्याने ओढलं तसा फास आणखी बसला. "कापा! कापा लवकर!" कुणीतरी ओरडलं. सगळे टेबलाकडे धावले आणि मीही धावले. भाऊजींनी कातरी उचलली. पाच वेढे. ते गाठ सोडायला लागले. मी नवी पक्कड उचलली, ती अंगठ्याने उघडणारी. धागा नेमका भोकावरून गेला होता. अंगठा आत जाईना. मी दात लावले. तोंडात कुंकू आलं. धागा तुटेना. सुती, तीनपदरी, कल्पनाने मन लावून बांधलेला.

आणि मी पक्कड तोंडात घेऊन तशीच रेखाकडे पाहिलं. स्टोलमधून तिचे फक्त डोळे दिसत होते. ते माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला जे भय वाटलं तसं त्या धुराच्या गाडीतही वाटलं नव्हतं, कारण मला सगळं स्पष्ट दिसलं. कापड चाकाने आत ओढलंय. पुढे फिरून ओढलंय.

मी पक्कड टाकून दिली. "हत्यार राहू द्या! दत्ता, ओढू नकोस तिला! गाडी न्यूट्रल कर! भाऊजी, मागून उचला, चाक उलटं फिरवा! उलटं!"

मी कोण, कुठली, हे कुणी विचारलं नाही. दोघांनी मागून गाडी उचलली. भाऊजींनी तळव्याने चाक मागे रेटलं. मी रेखाचं डोकं दोन्ही हातांनी धरून चाकाशी नेलं, त्याच्यापासून लांब नाही, जवळ. चाक अडलं. पुन्हा रेटलं. साखळी कुरकुरली आणि वीतभर काळं झालेलं गुलाबी कापड बाहेर आलं. माझी दोन बोटं फासात गेली. मग चार. मी स्टोल तिच्या हनुवटीवरून, नाकावरून वर ओढून डोक्यावरून काढला आणि तिने श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही. मग ती खोकली, आणि दत्ता खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

टेबलावर भाऊजींची कातरी अर्धवट सुटलेल्या धाग्यात तशीच पडली होती.

डॉक्टरांनी तपासलं. गळ्यावर लाल वळ, घोगरा आवाज, बाकी ठीक. रेखा संध्याकाळी परत येऊन कल्पनाच्या हातची पुरणपोळी दुधात कुस्करून खात होती. कल्पनाचे मात्र डोळे सुजले होते. "माझ्या धाग्यानं झालं असतं वाईट," ती पुन्हा पुन्हा म्हणे. रेखाच तिची समजूत काढत होती, घोगऱ्या आवाजात: "काकू, धागा नसता तर घाईघाईत कुनाची तरी सुरी बसली असती माझ्या गळ्यावर. असं म्हना की."

दत्ताची मोटरसायकल फाटकातच उभी होती, स्टोल अजून साखळीत. तो कापून काढायला दत्ता आत आला आणि टेबलाकडे बघून थबकला. "राहू दे उद्यापर्यंत," भाऊजी म्हणाले. "आज सुट्टी हाय त्यांची." दोघं नवराबायको रिक्षाने बिडकीनला गेले.

मला ते विचित्र वाटलं आणि बरंही वाटलं. इतकं सगळं होऊन त्या लोकांना हत्यारांचा राग आला नव्हता.

भाऊजी माझ्याशेजारी पायरीवर बसले. "ताई, आम्ही समदे धा-धा वर्सं यंत्रावर काम करनारे. आमाला कापायचंच सुचलं. तुमाला चाक मागं घ्यायचं कसं काय सुचलं?"

मी सांगायला गेले की मी गाडी चालवते, म्हणून. पण ते कारण नव्हतं. मी म्हणाले, "मी तिच्याकडे बघितलं, भाऊजी."

पुढचं मला त्यांना सांगता आलं नाही. जुलैत मी आर्याकडे बघितलंच नव्हतं. ती घाबरून पुढे वाकली होती, म्हणून पट्टा ताठ झाला होता आणि बक्कल ताणाखाली अडकलं होतं. तिला छातीला धरून सीटवर मागे टेकवलं असतं तर पट्टा सैल पडून बक्कल सुटलं असतं. रिक्षावाल्याने आत येऊन आधी तिला मागेच टेकवलं होतं. मी ते पाहिलं होतं आणि तीन महिने स्वतःला फक्त त्याच्या अंगठ्यांच्या जोराचंच सांगत होते.

दसरा

सकाळी आपट्याच्या पानांची पूजा झाल्यावर भाऊजींनी मला मोंढ्यात सोडलं. दोन्ही पकडींवर कुंकवाचे डाग होते. मी ओशाळून म्हणाले, पुसायचा प्रयत्न केला, पण सांध्यांत गेलंय. इक्बालभाईंनी चष्मा लावून पाहिलं. "अरे, इसमें क्या. मोंढ्यातली अर्धी दुकानं आज अशीच रंगलेली है." फडक्याने त्यांनी जड पक्कड पुसली आणि डब्यात ठेवली. "आणि ही?"

"ही ठेवते," मी म्हणाले. "पट्टा कधी खरंच कापावा लागतो."

"हात?"

मी अंगठा भोकात घातला. सुरी खटकन उघडली. मिटवली. त्यांनी मान हलवली.

बाहेर गल्लीत झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता आणि लोक नव्या गाड्यांना हार घालून चालले होते. भाऊजी चहाच्या टपरीवर ओळखीच्या कुणाशी बोलत होते. मी दुकानाच्या पायरीवर बसून आर्याच्या आईला फोन लावला. ती बँकेत असते, पण आज सुट्टी. तिसऱ्या रिंगला तिने उचलला.

मी दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. हत्याराने दगा दिला नव्हता. मी आर्याला मागे टेकवायला हवं होतं, ती सुटली असती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. माझं चुकलं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"आर्याने त्याच दिवशी रात्री मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस ती तुमच्याशी बोलत नव्हती, माझ्याशी बोलत होती. म्हणाली, काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या, मी हाक मारत होते."

मला हाक आठवेना. आजही आठवत नाही.

"तुम्ही दारात येऊन पक्कड-पक्कड करत राहिलात," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."

मी विचारलं, आर्या जवळ आहे का. तिने फोन दिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, लहान, जवळून.

"आर्या," मी म्हणाले, "मी ऐकतेय."